ओ.टी. आवडते, म्हणजे सर्जरी आवडते का?

एम.बी.बी.एस.नंतर सर्जरी घ्यायची की नाही, या एका प्रश्नात माझे सोळा महिने गेले. जुलै २०२३ मध्ये उत्तर ठाम ‘हो’ होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते ‘नाही’ झालं. मधे काय काय झालं ते तारीखवार लिहून ठेवतेय, कारण तेव्हा मी नेमकं असंच काहीतरी शोधत होते आणि मला मिळत होत्या फक्त कटऑफच्या याद्या.

इंटर्नशिपमध्ये सर्जरीची पोस्टिंग ६ आठवड्यांची असते. पहिले चार दिवस रक्त काढणं, फॉर्म भरणं, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं आणि ड्रेसिंग यातच गेले. पाचव्या रात्री आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे होता. जठराजवळच्या अल्सरला भोक पडून पोटभर पू झालेला एक तरुण पेशंट आला आणि माणसं कमी म्हणून मला स्क्रब व्हायला, म्हणजे हात धुऊन टेबलापाशी मदतीला उभं राहायला, सांगितलं. सव्वादोन तास मी रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा मागे ओढून धरायचं हत्यार) धरून उभी होते. पोटात ओतलेलं कोमट सलाइन गढूळ येत होतं, मग जरा निवळ, मग स्वच्छ. शेवटी सरांनी त्वचेचे चार टाके मला घालू दिले. पहाटे साडेचारला बाहेर आले तेव्हा पाय दुखत होते आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता दुसरं काही नको. पोस्टिंग संपेपर्यंत ओ.टी.त, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जायची एकही संधी मी सोडली नाही. सिस्टर मला हाक मारून सांगायच्या, आज अमुक केस आहे, येतेस का?

त्या ६ आठवड्यांत एक गोष्ट मला दिसायला हवी होती, ती दिसली नाही. माझ्याबरोबर जी मैत्रीण पोस्टिंगला होती ती ऑपरेशन झालं की संध्याकाळी पुन्हा वॉर्डात जायची. ड्रेनमध्ये (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) काय आलं, किती आलं, पोट मऊ आहे का, हे बघायला. तिला कुणी सांगितलेलं नसायचं. मी ओ.टी.तून निघाले की थेट खोलीवर जाऊन झोपायचे. मला वाटायचं, मी दमलेय. दमलेली तीही असायची.

इंटर्नशिप एप्रिल २०२४ मध्ये संपली आणि त्याच महिन्यात नीट पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला. खुल्या वर्गासाठी शुल्क ३,५०० रुपये होतं. परीक्षा २३ जूनला होती. माझं केंद्र दुसऱ्या शहरात आलं होतं, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन लॉजवर खोली घेतली. २२ जूनच्या रात्री बातमी आली की परीक्षा पुढे ढकलली. काढलेल्या नोट्स पलंगावर पसरलेल्या होत्या आणि आता त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. खोलीचं भाडं आणि तिकीट पाण्यात गेलं, पण त्याहून वाईट म्हणजे पुढचे आठ-दहा दिवस पुस्तक उघडवेना. तुमच्यावर अशी वेळ आली तर एक करा, घरी येऊन लगेच अभ्यासाला बसायचा हट्ट धरू नका. मी तो धरला आणि दहा दिवसांत काहीच झालं नाही. नंतर रोज फक्त ५० प्रश्न सोडवायचे असं ठरवलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

परीक्षा अखेर ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली, निकाल २३ ऑगस्टला लागला. माझी रँक अशी होती की रेडिओलॉजी मिळणार नव्हती, पण सर्जरी मिळण्यासारखी होती. घरात पेढे वाटले गेले. आणि त्याच रात्री मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर सर्जरी ही दूरची इच्छा होती. आता ती तीन वर्षांची रेसिडेन्सी होती, पुढे हवं तर एम.सीएच.ची (सर्जरीतल्या पुढच्या पदवीची) आणखी तीन.

घरच्यांचंही सुरू झालं. मोठे काका म्हणाले, “मुलीच्या जातीला सर्जरी कशाला? त्वचारोग बघ, डोळ्यांचं बघ.” आई काही बोलली नाही, पण तिला काकांचं पटलंय हे मला दिसत होतं. इथे माझी खरी अडचण झाली. सर्जरी नको असं म्हणाले असते तर काकांचं खरं ठरलं असतं. हो म्हणाले असते तर ते मी काकांना उत्तर म्हणून म्हणतेय की मला ते काम हवंय म्हणून, हे मला सांगता आलं नसतं. म्हणजे दोन्ही उत्तरं माझी नव्हती.

सप्टेंबर उजाडला तरी काउन्सेलिंगचं, म्हणजे जागावाटपाचं, वेळापत्रक स्पष्ट होत नव्हतं. त्या रिकाम्या महिन्याचा उपयोग करायचं ठरवलं आणि इंटर्नशिपमध्ये ज्यांच्या हाताखाली काम केलं होतं, त्या सरांना फोन केला. ते आता एका ट्रस्टच्या रुग्णालयात होते. मी म्हटलं, “सर, एक महिना नुसतं बघायला येऊ का?” ते म्हणाले, “ये. पण ओ.टी. बघायला येऊ नकोस. सकाळी सहाला वॉर्डात ये आणि रात्रीचा राउंड झाला की जा. ओ.टी. मधे आली तर आली.”

परवानगीला ११ दिवस लागले. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, हिपॅटायटिस बी लसीच्या तीन डोसांची नोंद आणि अँटिबॉडी टायटरचा (लसीमुळे रक्तात किती संरक्षण तयार झालंय त्याचा) रिपोर्ट. शिवाय १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, की मी फक्त निरीक्षक आहे, पेशंटवर कुठलीही प्रक्रिया करणार नाही. अर्ज तीन टेबलांवर फिरला आणि टायटरसाठी अडला, कारण मी तो कधी केलाच नव्हता. इंजेक्शनच्या सुया हाताळणाऱ्या कुणीही तो करून घ्यावा. १० च्या वर असेल तर संरक्षण आहे असं धरतात, आणि लस घेतली म्हणजे तो तेवढा असतोच असं नाही. माझा आला, सुदैवाने.

२३ सप्टेंबरला सुरुवात केली. एक वही केली होती. केसेसची नव्हे, माझी. वेळ, मी कुठे होते, आणि माझं लक्ष कशाकडे होतं, एवढंच रोज लिहायचं. केसेसच्या नोंदी नंतर कुठूनही मिळतात. आपलं लक्ष कुठे होतं हे तीन दिवसांनी आठवत नाही, आणि आठवलं तरी आपण ते सोयीनं बदलून घेतो.

आधी एक शंका मिटवायची होती, हाताची. माझा हात किंचित थरथरतो. इंटर्नशिपमध्ये एका सीनियरने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं आणि ते मनात रुतून बसलं होतं. सरांना सांगितलं तर त्यांनी मला टेबलाच्या खणाच्या मुठीला दोरा बांधून गाठी मारायला लावल्या. रोज दोनशे. आधी दोन हातांनी, मग एका हाताने, मग हातमोजे घालून, मग मोजे ओले करून. मनगट टेकवायला शिकवलं, कोपर अंगाजवळ ठेवायला शिकवलं. सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे सरावावर एक आख्खा अध्याय आहे, हे मला त्यांनीच सांगितलं. छेद घ्यायचा सराव काकडी-भोपळ्यांवर, टाक्यांचा सराव कापडावर आणि मऊ कातड्यावर. “हात जन्माला येत नाहीत, करावे लागतात,” असं ते म्हणायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या गाठी घट्ट आणि सरळ बसायला लागल्या. थरथर पूर्ण गेली नाही, पण कामाच्या आड येईना. हे मुद्दाम लिहितेय. कुणी तुमचा हात बघून ‘तू सर्जन होऊ शकत नाहीस’ असं म्हटलं असेल, तर दोन महिने गाठी मारा आणि मग बघा. नुसत्या हातावरून हा निर्णय घेऊ नका. मीही नाही घेतला.

दुसऱ्या आठवड्यातली एक केस मात्र माझ्या वहीत अडीच पानं आहे. सत्तरीचे आजोबा, हर्निया अडकून आतड्याचा तुकडा काळा पडलेला, ताप, रक्तदाब आधीच ८० वर. शेतावरच्या कामात दोन दिवस दुखणं अंगावर काढलं होतं. भूल देणाऱ्या मॅडम सरांना म्हणाल्या, “दहा मिनिटं द्या मला.” सर काही न बोलता हात बांधून उभे राहिले. मॅडमनी सलाइन जोरात सुरू केलं, रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पंप आधीच लावून तयार ठेवला, भुलीच्या केटामिनचा डोस नेहमीपेक्षा कमी काढला. इतकं करूनही श्वासाची नळी टाकताना दाब ६० पर्यंत घसरला. मॅडमचा आवाज चढला नाही. पंप वाढवला, मॉनिटरकडे बघितलं, सिस्टरना एक इंजेक्शन भरायला सांगितलं, आणि तीन-चार मिनिटांनी म्हणाल्या, “हं, आता घ्या.”

अडीच तास ऑपरेशन चाललं. काळं आतडं काढलं, चांगली टोकं जोडली. बाहेर आल्यावर सरांनी आम्हा दोघींना विचारलं (माझी मैत्रीणही त्याच आठवड्यापासून यायला लागली होती), “आतडं कापलं तेव्हा कडेला रक्त कसं येत होतं?” मैत्रिणीने कागद घेऊन आकृतीच काढली. कुठे कापलं, कड कशी लालभडक होती, एका बाजूला सरांनी आणखी दोन सेंटिमीटर का कापलं. मला यातलं काही सांगता येईना. मी टेबलापासून दोन फुटांवर उभी होते. मला आठवत होतं ते हे, की दाब ६५ च्या वर कधी आला, पंप कधी कमी केला, दुसऱ्या तासात लघवी किती झाली, मॉनिटरवरची कार्बन डायऑक्साइडची रेघ कधी बदलली. सरांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि राउंडला निघाले.

त्या रात्री वही मागे चाळली. १३ दिवसांत ९ वेळा ‘लक्ष कुठे’ या रकान्यात मी मॉनिटर, भूल, श्वास असं काहीतरी लिहिलं होतं. लिहिताना ते मला जाणवलंही नव्हतं.

पण एवढ्यावर निर्णय झाला नाही, आणि होऊ नये असं मला वाटतं. पाचव्या दिवशी त्या आजोबांना पुन्हा ताप भरला, नाडी १३० झाली, पोट ताठरलं. जोड सुटला होता. मैत्रिणीला सकाळी सातला वॉर्डात बघितलं. तिनेच नाडी पहिल्यांदा मोजली होती. सर आजोबांच्या मुलाला घेऊन बाकावर बसले आणि म्हणाले, “मी जोडलेलं आतडं एका ठिकाणी सुटलंय. पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि काही महिने शौचाची वाट पोटावर काढावी लागेल.” ‘गुंतागुंत झाली’ म्हणाले नाहीत. ‘मी जोडलेलं’ म्हणाले. मुलगा रडला, चिडला, खूप बोलला. सर ऐकत राहिले आणि मग हात धुवायला गेले. आजोबा २३ व्या दिवशी घरी गेले.

सर्जरीत कापण्या-शिवण्याचा वेळ थोडा असतो, हे मला तिथे दिसलं. बाकी सगळं आधीचं आणि नंतरचं. कापू नये हे ठरवणं, आपल्या हातून झालेलं पाच दिवस रोज जाऊन बघणं, बिघडलं तर त्याला आपलं म्हणणं. सर्जरी आवडते की नाही हे तुम्हाला रात्री नऊला वॉर्डात कळेल, दुपारी ओ.टी.त नाही. मैत्रीण त्या बाकाजवळ उभी होती आणि तिला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. मला ते ओझं झेपलं असतं, एवढी मी खंबीर आहे असं मला वाटतं. पण मला ते उचलावंसं वाटत नव्हतं, आणि या दोन गोष्टींत फरक आहे.

मग काकांचा प्रश्न उरलाच. त्या रुग्णालयात एक सर्जन मॅडम होत्या, पंधराएक वर्षं काम केलेल्या. त्यांना सगळं सांगितलं. घरचे नको म्हणतात, आता मलाही नको वाटतंय, पण मी हरतेय असं वाटतं. त्या केस पेपर भरता भरता म्हणाल्या, “उद्या घरातले सगळे म्हणाले, घे बाई सर्जरी, आम्ही पाठीशी आहोत, तर तुला आनंद होईल की पोटात गोळा येईल?” मी बराच वेळ उत्तर दिलं नाही. पोटात गोळा आला होता. त्या म्हणाल्या, “मग झालं की. मुलगी म्हणून नको म्हणाली असतीस तर मी तुला रागावले असते.” बाळंतपण, रात्रपाळ्या, पाठदुखी हे सगळंही त्यांनी न लपवता सांगितलं, पण ते इथे मांडत नाही, कारण माझा निर्णय त्यावर ठरला नाही.

१६ ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन. १८४६ साली त्या दिवशी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन पेशंटला झोपवलं आणि जॉन कॉलिन्स वॉरेन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. रुग्णालयात त्या दिवशी भुलीच्या मॅडमनी वॉर्डातल्या मावशी आणि मामांना छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचं कसं ते शिकवलं. मी मदतीला होते. एक मामा पहिल्यांदा फार घाबरत होते, मग इतके रंगले की उठायला तयार नव्हते. संध्याकाळी मॅडमना विचारलं, भुलीत वाईट काय? त्या म्हणाल्या, “पेशंट तुझं नाव विसरणार. आणि बिघडलं तर काही मिनिटांत बिघडणार, विचार करायला उद्या मिळणार नाही.” हेही वहीत लिहिलं.

निर्णय घेण्याआधी आणखी एक काम केलं, आणि ते तुम्हीही करा. ज्या कॉलेजांचा विचार होता तिथल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना फोन लावले, सर्जरीच्या आणि भुलीच्याही. विभागप्रमुखांना नव्हे. कागदावर आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवस रजा आहे, ‘कामाची निकड नसेल तर’ या अटीसह. २०२४ मध्येच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको अशी शिफारस केली. पण फोनवर हे विचारू नका. ‘गेल्या आठवड्यात किती रात्री खोलीवर झोपलात?’ आणि ‘तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने यंदा स्वतःच्या हाताने किती केसेस केल्या?’ हे विचारा. एका ठिकाणचा मुलगा पहिल्या प्रश्नावर बराच वेळ गप्प राहिला. ते कॉलेज मी यादीतून काढलं.

काउन्सेलिंग नोव्हेंबरमध्ये हललं. अखिल भारतीय कोट्यासाठी नोंदणी शुल्क १,००० रुपये, ते परत मिळत नाही, आणि अनामत २५,००० रुपये. अभिमत विद्यापीठंही हवी असतील तर ५,००० आणि २ लाख. राज्याच्या जागांसाठी सी.ई.टी. सेलकडे वेगळी नोंदणी करावी लागते, ते अनेकजण विसरतात. पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीपासून जाते. अनामत ज्या खात्यातून भराल त्याच खात्यात परत येते, म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या किंवा मित्राच्या कार्डावरून भरू नका.

माझ्या पसंतीक्रमाच्या पहिल्या यादीत दोन्ही शाखा आलटून पालटून होत्या. सर्जरी, भूल, सर्जरी, भूल. म्हणजे निर्णय मी संगणकावर सोपवला होता. १५ नोव्हेंबरच्या रात्री सर्जरीच्या ओळी एकेक करून काढल्या. ३१ होत्या. प्रत्येक काढताना इंटर्नशिपमधली ती पहाट आठवत होती, आणि मधे एकदा उठून गच्चीवर जाऊन आले. सगळ्या काढून झाल्यावर रडू आलं. ते चुकल्याचं रडू नव्हतं. जे आपलं होणार असं दीड वर्ष समजून चाललो, ते ठेवून द्यायचं होतं. मग यादी स्वतः लॉक केली आणि प्रिंट काढली. मुदत संपल्यावर सिस्टिम आपोआप लॉक करते, पण शेवटच्या तासाला साइट अडकते, त्या भरवशावर राहू नका.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “काकांमुळे नाही ना?” म्हणजे ती गप्प का होती ते मला तेव्हा कळलं.

२० नोव्हेंबरला निकाल लागला. एम.डी. अ‍ॅनेस्थेसियॉलॉजी, यादीतला चौथा पर्याय. हजर व्हायला २७ पर्यंत मुदत होती, मी २५ ला पोचले. अलॉटमेंट लेटर, नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, चारही वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी, इंटर्नशिप आणि कौन्सिलची प्रमाणपत्रं, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, फोटो. मूळ कागद जमा होतात, म्हणून आधी सगळ्यांचं स्कॅन करून ठेवा आणि तीन-चार साक्षांकित संच जवळ ठेवा. जागा सोडल्यास भरायच्या दंडाची रक्कम प्रत्येक राज्यात वेगळी असते, ती हमीपत्रावर सही करण्याआधी वाचा. माझ्या पुढच्या मुलाने ती रांगेत उभ्या उभ्या पहिल्यांदा वाचली आणि वडिलांना फोन लावला.

मैत्रिणीला सर्जरी मिळाली, दुसऱ्या राज्यात. सरांना दोघींनी वेगवेगळे फोन केले. मला ते म्हणाले, “आतड्याची कड विचारली होती ना, तेव्हाच मला कळलं होतं.” मी विचारलं, मग सांगितलं का नाही? “तुला कळायला हवं होतं,” म्हणाले.

आता माझं काम संध्याकाळी सुरू होतं, दुसऱ्या दिवशीच्या पेशंटना तपासण्यापासून. गेल्या आठवड्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका आजींचं तोंड उघडून बघत होते, मान किती मागे जाते ते बघत होते. त्यांनी विचारलं, “ऑपरेशन तूच करणार का गं?”

म्हटलं, “नाही आजी, मी तुमच्या उशाशी असेन. सुरुवातीपासून जाग येईपर्यंत.”

त्या जरा विचार करून म्हणाल्या, “मग झोप लागेपर्यंत हात धर माझा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला धरला.